वनमालाबाईंचा होकार

दहिसरला नदीच्या अलीकडे, जुन्या चाळी पाडून जे मनोरे उभे राहिले त्यांच्या सावलीत, एक चिंचोळा गाळा आहे. आत दोन मशिनी, एक कापायचं टेबल, भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर गाठी मारलेल्या पिशव्या. दारावर पाटी नाही, कारण तिची गरज कधी पडली नाही. "वनमालाकाकीकडे" एवढं म्हटलं की रिक्षावालासुद्धा कोपऱ्यावर बरोबर थांबतो.

वनमाला मूळची कुडाळकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांची गिरणी बंद पडली होती आणि घरदार लालबाग सोडून दहिसरच्या चाळीत येऊन स्थिरावलं होतं. नवरा नंदकुमार टेम्पो चालवायचा. शिवणकाम तिला कोणी शिकवलं नाही. शेजारणीचा एक जुना ब्लाउज तिने मांडीवर घेऊन टाका टाका उसवला, तुकडे जमिनीवर मांडले आणि दुपारभर त्यांच्याकडे बघत बसली. माणसाचं अंग कापडात कसं बसतं ते तिला त्या दुपारी कळलं. तेव्हापासून तिच्या हातचा ब्लाउज अंगावर चढला की बाई आरशापुढे जरा जास्त वेळ उभी राहते, असं दहिसरभर बोललं जाऊ लागलं. एकाही बाईचं कापड तिने आजवर वाया घालवलेलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता आणि तो खरा होता.

पण हाताला जशी ही देणगी होती, तशी जिभेला एक खोड होती. तिला 'नाही' म्हणता येत नसे.

माहेरी दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे उर्मटपणा. द्यायचं नसलं तरी "बघूया" म्हणायचं, जमणार नसलं तरी "होतला" म्हणायचं, म्हणजे होईल. सासरी आल्यावर या सवयीला धंद्याची जोड मिळाली. नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जातं, हे तिने पहिल्याच वर्षी पाहिलं. मग "होतला गो, तू काळजी करू नको" हे तिच्या गाळ्यातलं रोजचं वाक्य झालं. मशिनीच्या आवाजासारखं ते चालू असे आणि त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नसे.

लक्ष न देणं हीच त्या गाळ्याची रीत होती. बाया शहाण्या झाल्या होत्या. बारसं रविवारी असलं तर काकीला गुरुवार सांगायचा. वनमालाही शहाणी झाली होती. गुरुवार सांगितला की ती मनात रविवार धरायची.

वरच्या इमारतीतली माधुरी एकदा म्हणाली, "काकी, साखरपुडा बुधवारी आहे हां. बुधवार म्हणजे बुधवार."

"गेल्या टायमाला पण बुधवार म्हणालंस आणि जेवण शनिवारी होता. मीच जेवलंय ना."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलायचं आणि आम्ही खरं बोलायचं काय?"

दोघी हसल्या. नंदकुमारही हसला. त्याचे डोळे अधू झाल्यापासून टेम्पो सुटला होता आणि तो गाळ्यातच बसून मोठ्या नेढ्याच्या सुईने हूक लावायचा. सगळ्यांनाच खोटं माहीत होतं, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. "मी कोणाचा लगीन अडवलंय नाय," वनमाला मान ताठ करून सांगायची, आणि तेही खरंच होतं.

मग एक दिवस सुंदराबाई आपल्या मुलीला, प्रियंकाला घेऊन आल्या.

सुंदराबाई नदीपलीकडे राहत. जालन्याकडच्या, महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांचे साधे ब्लाउज वनमालाच शिवत असे. प्रियंका पहिल्यांदाच आली होती. ती मालाडला एका कुरिअर कंपनीत होती. लोकांचं सामान कधी पोचणार ते फोनवर सांगायचं, हे तिचं काम. बोलणं लख्ख, एकदम मुद्द्यावर येणारं.

"मावशी, रविवारी माझं लग्न आहे. सकाळी, विहाराच्या हॉलमध्ये. तीन ब्लाउज आहेत. शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येते. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी दुसरीकडे बघेन, तुमच्यावर राग नाही."

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. विचारण्यातच सुटकेचं दार उघडं ठेवलेलं होतं. वनमालाच्या फळ्या लग्नसराईच्या पिशव्यांनी वाकलेल्या होत्या. पण तोंडाने आपली जुनी वाट धरली.

"होतला गो. लग्नाचा काम मी सोडतंय की काय?"

एक ब्लाउज हिरव्या पैठणीवरचा, एक सुंदराबाईंचा स्वतःचा किरमिजी, आणि तिसरं कापड पांढरं, बारीक जरीची किनार असलेलं. पांढऱ्याच्या पाठीवर प्रियंकाला रेशमी दोऱ्याने भरलेलं पिंपळपान हवं होतं. तिने कागदावर ते रेखून आणलं होतं. पिशवीला तिने स्वतः गाठ मारली, नाडीची, दुहेरी, जपून ठेवायच्या वस्तूला मारतात तशी.

कोणता ब्लाउज कशासाठी, हे वनमालाने विचारलं नाही. एरवी विचारते. पण त्या दिवशी दारात तीन बाया खोळंबल्या होत्या, आणि शिवाय तिला वाटलं की विचारायचं काय, हे दिसतंच आहे. पैठणी नवरीची, किरमिजी आईचा. पांढरं कापड कुठल्या तरी वंदनेला, कधीतरी घालायला. तिच्या गावात पांढरं लुगडं कोण नेसतं ते तिने लहानपणी पाहिलं होतं. नवरीच्या अंगावर पांढरं ही गोष्ट तिच्या मनात शिरायला वाटच नव्हती. रविवार सांगितला म्हणजे लग्न पुढच्या गुरुवारी असणार, असाही हिशोब मनात आपोआप झाला. वर पिंपळपानाचं काम वेळखाऊ. तेव्हा पांढरी पिशवी वरच्या फळीवर गेली आणि तिथेच राहिली.

शुक्रवारी दुपारी प्रियंकाचा फोन आला. नंदकुमारने तो वनमालापुढे धरला. तिने कात्री न थांबवता मान हलवली.

"झालाच म्हणून सांगा."

"तीनय झाले?" त्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

"सांगा हो तुमी."

त्याने सांगितलं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ सुईत दोरा ओवत बसला; दोरा काही ओवला जाईना.

संध्याकाळी मायलेकी आल्या. पैठणीचा ब्लाउज प्रियंकाने अंगाला लावून पाहिला, तिचा चेहरा उजळला. सुंदराबाईंचाही छान बसत होता. वनमाला कौतुक ऐकत उभी होती, हात पुशीत.

"आणि पांढरा?"

"तो काय, झालोच. हूक तेवढे रवलेत. सोमवारी मी स्वतः आणून देतंय. लग्नाचे तर दोन्ही झाले ना?"

 सुंदराबाई फळीकडे बघत होत्या. वनमालाने त्यांच्या नजरेमागे नजर नेली. वरच्या फळीवर ती पिशवी होती, आणि तिच्यावर प्रियंकाने मारलेली दुहेरी गाठ जशीच्या तशी.



"मावशी," प्रियंका हळू म्हणाली, "आमच्यात लग्न पांढऱ्यातच लागतं. पैठणी संध्याकाळच्या रिसेप्शनला आहे."

चाळीस वर्षं वनमाला या लोकांच्या शेजारी राहिली होती. चाळीत समोरच्या खोल्यांत, नळावर, दळणाच्या रांगेत. लग्नाची आमंत्रणं किती तरी आली होती. ती जायची, पण संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, नवरी भरजरी साडीत खुर्चीवर बसलेली असताना. सकाळच्या लग्नाला ती कधी गेली नव्हती. का गेली नव्हती, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता ते कोणीही न विचारता पुढ्यात येऊन उभं राहिलं.

"माका... माहीत नव्हता," ती म्हणाली.

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," सुंदराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आलं असतं.

प्रियंकाने क्षणभर डोळे मिटले. ऑफिसात रोज कोणाची ना कोणाची अडचण सोडवणारी ती मुलगी. तिने स्वतःचीही सोडवायला घेतली.

"ठीक आहे. पिंपळपान राहू द्या. साधा शिवा, गोल गळा, बस. उद्या दुपारी चारला होईल? खरं सांगा मावशी. नसेल होत तर आत्ता मालाडला जाते, तयार मिळतात."

साधा ब्लाउज वनमालाच्या हाताला एका सकाळचं काम होतं. "होतला," ती म्हणाली, आणि या खेपेला तो शब्द पुरता खरा होऊ शकला असता.

शनिवारी सकाळी तिने गाठ सोडली. कापड हातात आलं तेव्हा ते फार सुंदर वाटलं, नदीवर कधीकधी पहाटे धुकं असतं तसं. दुपारच्या जेवणाआधी ब्लाउज उभा राहिला. गळा गोल, शिवण सरळ, बाही चोख. नंदकुमारने हूक लावले आणि म्हणाला, "फोन कर तिका. येऊन घेऊन जाऊ दे."

वनमाला ब्लाउजाच्या कोऱ्या पाठीकडे बघत होती. असा साधा तिच्या हातात ठेवायचा? काल जे झालं त्यानंतर? ती घेऊन जाईल, लग्न लागेल, आणि जन्मभर तिच्या मनात राहील की काकीने पाठ कोरीच दिली. मागितलं होतं तेवढं देऊन हा डाग जाणार नाही, असं तिला वाटलं. पानासकट दिला तर सगळ्यांचं तोंड बंद होईल, स्वतःचंही. तिने प्रियंकाचा तो कागद शोधला आणि पेन्सिलीने पाठीवर देठ उतरवला.

"अगो, तिना साधो सांगितल्यान," नंदकुमार म्हणाला.

"चारपर्यंत होतला."

पिंपळाचं पान सोपं दिसतं. त्याचं लांब टोक आणि आतल्या शिरा भरायला बसलं की कळतं. एक शीर वाकडी गेली, ती उसवावी लागली. पांढऱ्यावर उसवलेल्याची भोकं दिसतात, ती नखाने बुजवत बसावं लागलं. चार वाजता फोन वाजला तेव्हा पान निम्मं होतं.

"सांगा, जरा टाईम लागात. सकाळी मी स्वतः घेऊन येतंय, लग्नाआधी."

"तू सांग," नंदकुमार म्हणाला. "मी काल एकदा तुझ्यासाठी खोटा बोललंय. पुरे झाला."

तिने फोन घेतला. पलीकडे हळद चालली असावी. मागे बायकांचं हसणं, भांड्यांचे आवाज. "झालाच बघ गो. सकाळी लवकर हॉलवर आणून देतंय. पान पण केलंय."

 प्रियंका म्हणाली, "बरं, मावशी." एवढंच. त्या 'बरं'मध्ये कसलीच चिडचिड नव्हती, आणि वनमालाला त्याने हायसं वाटलं. आपल्याला वेळ मिळाला, असं तिने समजून घेतलं.

रविवारी सकाळी शेवटची शीर भरून झाली. तिने दोरा तोडला, इस्त्री फिरवली. पान जिवंत दिसत होतं. वारा आला तर हलेल असं. इतकं चांगलं काम तिच्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं. रिक्षात ती पिशवी मांडीवर धरून बसली आणि सुंदराबाई ते पाहतील तेव्हा काय म्हणतील याची वाक्यं मनात जुळवत राहिली.

हॉलच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग होता. आतून एका सुरात म्हटलेलं त्रिशरण ऐकू येत होतं. दारात उभी राहून तिने पाहिलं. पुढे बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, फुलं. नवरा पांढऱ्या कपड्यांत, आणि त्याच्या शेजारी प्रियंका हात जोडून उभी, पांढऱ्या साडीत.

अंगात ब्लाउज होता. बाजारातला, तयार.

शिंपिणीच्या डोळ्याला दुसरं काही दिसेना. डावा खांदा सैल, तिथे आतून पिन. बाही कोपराजवळ फुगलेली. काखेत चुण्या. पांढऱ्याची छटा साडीहून जरा पिवळट. प्रियंका वाकून फुलं वाहत होती आणि प्रत्येक वाकण्याला खांदा सावरत होती, हळूच, कोणाला कळू नये असं. हॉलभर माणसं होती, त्यातल्या कोणाच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. वनमाला मात्र प्रत्येक वेळी तो हात वर जाताना पाहत होती. हातातली पिशवी एकाएकी जड झाली. ती आडोशाला, खांबामागे सरकली आणि परत फिरावं का याचा विचार करू लागली.

तेवढ्यात सुंदराबाईंनी तिला पाहिलं. त्या गर्दीतून वाट काढत आल्या.

"या वनमालाबाई. आत बसा ना, दारात का?"

"ब्लाउज..." वनमालाने पिशवी पुढे केली.

सुंदराबाईंनी तो बाहेर काढला, पाठ उलगडली. पानावरून त्यांनी एक बोट फिरवलं, देठापासून टोकापर्यंत. शेजारच्या दोन बाया वाकून बघू लागल्या. "अगं बाई, किती सुरेख," एक म्हणाली. "कोणी भरलंय?"

"यांनीच," सुंदराबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं: "फार सुंदर झालंय. पण आम्ही साधाच मागितला होता, वनमालाबाई. पोरगी काल हळदीतून उठून मालाडला गेली."

म्हणजे फोनवरचं ते 'बरं' ऐकवून ती थेट बाजारात गेली होती. त्या मुलीने वाट बघणं थांबवलं होतं, आणि वनमाला त्यालाच मिळालेला वेळ समजून पान भरत बसली होती.

सुंदराबाईंनी तिला जाऊ दिलं नाही. पंगतीत बसवलं, वाढलं, आग्रह केला. सकाळच्या लग्नाचं जेवण ती पहिल्यांदाच जेवत होती. घास तोंडात फिरत राहिला. प्रियंका हार-फुलांत, माणसांत वेढलेली होती. एकदा दोघींची नजर मिळाली, प्रियंका हसली, मान लववली आणि पुन्हा खांदा सावरला.

 घरी आल्यावर ती नंदकुमारला म्हणाली, "लगीन काय अडला नाय."

"लगीन खयचा अडता? माणसा वाट बघूची सोडतत."

त्या दिवसापासून वनमालाला आपल्या गाळ्यातलं हसणं नीट ऐकू येऊ लागलं. माधुरीचं, शेजारणींचं. बाया तिला चुकीचे वार सांगत होत्या ते गमतीने नव्हे. इतकी वर्षं त्या सगळ्या तिचा शब्द केराच्या टोपलीत टाकून, मग तिच्याशी गोड बोलत होत्या. आणि जिने खरा वार सांगितला, तिलाच पिना लावून उभं राहावं लागलं.

पुढे एकदा माधुरी दोन कापडं घेऊन आली. "काकी, मंगळवारी हवेत."

वनमालाने फळ्यांकडे पाहिलं.  "मंगळवारी नाय जमाचा."

"अहो, म्हणजे शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारी पण नाय. महिनाअखेर लागात. घाई असली तर दुसरीकडे दे."

माधुरीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू काकीने तिला दारातून ढकललं. "मोठ्या झालात हं काकी तुम्ही," म्हणून ती कापडं घेऊन गेली. वनमाला दिवसभर अपराध्यासारखी मशिनीवर बसली. खरं बोलूनही इतकी लाज वाटते, हे तिला ठाऊक नव्हतं. नंतर आणखी दोघी तशाच गेल्या. ज्या राहिल्या त्यांना ती जो वार सांगे त्या वारी कापड तयार असे, पण त्या आपल्या जुन्या सवयीने दोन दिवस उशिराच येत, आणि तयार पिशवी पाहून जरा गोंधळत.

सुंदराबाई रोज बाजाराला जाताना गाळ्यावरून जात. "बरं आहे ना?" असं विचारत. कापड आणत नसत. वनमाला मान वर करून "बरा आसा" म्हणे आणि त्या वळणाआड जाईपर्यंत तिचा पाय मशिनीवर पडत नसे. नदीपलीकडे दुसरी शिंपीण आहे हे तिला माहीत होतं.

पावसाळा सरला आणि एका सकाळी सुंदराबाई आत आल्या. हातात पिशवी. त्यांनी टेबलावर एक सुती कापड ठेवलं, निळं, रोजच्या वापराचं.

"कधी मिळेल?"

नंदकुमारचा हात हुकावर थांबला.  वनमालाने फळीवरच्या पिशव्या एकेक करून डोळ्यांखालून घातल्या, मनातल्या मनात कात्री चालवली.

"या आठवड्यात नाय. पुढच्यात पण नाय. त्याच्या पुढच्या शनिवारी, सकाळी."

"शनिवारीच ना?"

"शनिवारी."

यापलीकडे तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं. शपथ घ्यावी तर तीही शब्दांचीच. सुंदराबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, दवाखान्यात आजाऱ्याकडे बघत असतील तशा, निवांत. मग त्यांनी पिशवीत हात घातला. आत आणखी एक कापड होतं, जांभळं, रेशमी, काठाचं. वनमालाला ते स्पष्ट दिसलं. कुठल्या तरी समारंभाचं असणार. सुंदराबाईंनी ते थोडं वर काढलं, बोटांत धरलं, आणि परत आत सारून पिशवीचं तोंड मिटलं.

"हे एक ठेवा," त्या निळ्या कापडाला हात लावून म्हणाल्या. "दुसऱ्याचं नंतर बघू."

"बरा," वनमाला म्हणाली.

तिने फीत घेतली, माप नव्याने घेऊ लागली. मान खालीच होती. सुंदराबाईंनी हात वर केले आणि पिशवी मनगटाला अडकवूनच उभ्या राहिल्या.